राखाडी उतारू

फार मागे, नदीवर पूल बांधता येतो हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा, एका डोहाकाठी एक म्हातारा नावाडी राहत असे. मनगट अजून घट्ट. लोक म्हणत, बाबा वल्ह्यावर आहेत तोवर डुलकी काढा खुशाल.

एका संध्याकाळी त्याला पैलतीरावर, डाव्या हाताला, एक राखाडी माणूस दिसला. तोंड नाही, पाय नाहीत, नुसता उभा धूर. नावाड्यानं डोळे चोळले. तो हलला नाही.

त्या काठची रीत अशी, की पाण्यावर भलतंसलतं दिसलं तर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ते घरी येतं. नावाडी गप्प बसला. त्याला शांत करायला गुपचूप पाण्यात दहीभात सोडत राहिला. दहीभातानं मासे लठ्ठ झाले, राखाडी मात्र जवळच येत गेला. आधी धारेत, मग नावेच्या टोकाला. पुढे तर जेवताना ताटातली डावीकडची चटणीही तो झाकू लागला. बायको चिडवायची, की माझ्या चटणीवर रुसलात होय?

मग लग्नाचं वऱ्हाड आलं. नाव भरली, नावाड्याची बायकोही बसली. ऐन धारेत राखाडी इतका अंगावर आला, की त्याला चुकवायला म्हाताऱ्यानं नाव उजवीकडे वळवली. उजवीकडे भोवरा होता. नाव गरगरली, नवरीच्या मुंडावळ्या पाण्यात गेल्या. बायकोनं वल्हं हिसकावलं, वऱ्हाडी मदतीला धावले, म्हणून माणसं वाचली.

काठावर त्यानं रीत मोडली, सगळं सांगितलं.

बायकोनं त्याची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे फिरवलं. राखाडी तिकडेही आला. मग तिनं त्याच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता?"

"गेला," म्हातारा म्हणाला. तिनं हात काढला. "आला गं परत."

"अहो, भूत काही तळहातानं झाकलं जात नाही. तो नदीत नाही, तुमच्या डोळ्यात राहतोय."

ती त्याला नेत्रवैद्याकडे घेऊन गेली. वैद्यानं दिवा धरून दोन्ही डोळे पाहिले आणि उसासा टाकला.

"डावा त्याचा झाला, बाबा. उजव्याच्या उंबऱ्यावर आहे, त्याला तिथंच अडवीन. पण तो पैलतीरावर होता तेव्हाच आला असतात, तर दोन्ही राहिले असते."

उजवा वाचला, वल्हं मात्र सुटलं. म्हातारा पुढे घाटावर बसून असे आणि पिकल्या केसांच्या प्रत्येक उतारूला हळूच विचारी, की कुठं कुणी राखाडी उभा दिसतो का? त्याच्या स्वतःच्या डाव्या बाजूला तो राखाडी शेवटपर्यंत बसलेला होता.

तात्पर्य: तराजू जुना झाला की शहाणा दुकानदार तो वरचेवर तपासतो, उतारवयात डोळेही तसेच दाखवत जावेत, आणि अंधूक दिसू लागलं तर भीतीपोटी लपवू नये.