मानेवरची चंद्रकोर

चाफ्याच्या वासानं सारा दरबार पेंगुळला होता. जागी होती ती फक्त राजेसाहेबांच्या मानेवरची खाज. राजवैद्यांनी लांबूनच निदान केलं, "चाफ्याचा हार बाधलाय!" लगेच हुकूम सुटला, हार देणाऱ्या सगुणा माळणीनं दिवस मावळायच्या आत गाव सोडावं.

सगुणाच्या डोळ्यांपुढे तिची फुललेली बाग तरळली. ती म्हणाली, "जाते सरकार. पण एकदा मान बघू द्या."

राजेसाहेबांनी मान वाकवली. मागच्या बाजूला बारीक फोडांची लाल चंद्रकोर उगवली होती, कुणी रेखल्यासारखी.

"वैद्यबुवा, हार तर सगळ्या गळ्याला लागतो. मग खाज एवढ्याशाच जागी कशी? अंगरखा उलटा करा बरं."

गळपट्टीच्या आत तशीच काळी चंद्रकोर होती, कपडे ओळखता यावेत म्हणून परटानं बिब्ब्याच्या तेलानं घातलेली खूण. बिब्बा उतला होता, त्याच्या तेलानंच कातडीवर फोड आले होते! राजवैद्यांनी मान खाली घातली.

"ही खूण घालायला कुणी सांगितलं?" परटाला बोलावून राजेसाहेब कडाडले.

परीट चाचरला, "आपणच, सरकार. नोकर कपडे चोरतील म्हणून."

राजेसाहेब पुटपुटले, "मग आता गावाबाहेर काढू तरी कुणाला?"

"संशयाला, सरकार," सगुणा म्हणाली. "घेतलात नोकरांवर, आणि उठला तुमच्याच मानेवर."