नागपूरला गाडी बदलताना

“गुरूच्या पुढे चालायचं नाही.”

“का?”

“हे विचारायचं नसतं.”

एवढं बोलून सरोदे गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. त्यांच्या लेखी विषय संपला होता. अकोल्याजवळच्या त्या मठात ते चाळीस वर्षं येत होते आणि आता मठाच्या पंचांत सर्वांत वडील होते.

शलाका गावंडेच्या लेखी विषय सुरूही झाला नव्हता.

ती अमरावतीहून एम.एस्सी. करून दोन वर्षांपूर्वी मठाच्या शाळेत गणित शिकवायला आली आणि मठाचे गुरू मुकुंदबाबा यांची शिष्या झाली. काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांची पत्रं तीच वाचून दाखवी.

चार दिवसांपूर्वी असंच एक पत्र आलं. हल्द्वानीहून. बाबांचे गुरुबंधू धरणीधरस्वामी अंथरुणाला खिळले होते. वाचा गेली होती. डॉक्टर पंधरा दिवस म्हणत होते. दार वाजलं की स्वामी मान वळवून बघतात, असं शेवटी लिहिलं होतं.

पत्र ऐकून बाबा एकच वाक्य बोलले होते. “मला जायचंय.”

म्हणून आज ओसरीवर बैठक होती. शलाकाच्या मांडीवर वही होती आणि वहीत तीन गाड्या. अकोला ते नागपूर. नागपूर ते दिल्ली. दिल्ली ते हल्द्वानी.

“उद्या सकाळी निघायचं,” ती म्हणाली. “मे महिना आहे. कुणीतरी रद्द केलेल्या दोन जागा मिळाल्या, बाबांची आणि माझी. नागपूरहून पुढची गाडी चुकली, तर त्यानंतरच्या जागा अठरा दिवसांनी आहेत.”

अठरा आणि पंधरा. हिशेब कुणालाच समजावून सांगावा लागला नाही.

“जा ना मग,” पंचांतले पुंजाजी म्हणाले. “नाही कोन म्हनते? फक्त बाबांच्या मागं चाल, म्हंजे झालं. इतकी काऊन तापून राहिली तू?”

“पुंजाजीकाका, मागच्या वर्षी नागपूरला काय झालं?”

“गाडी चुकली.”

“कशी?”

“चुकते कधीकधी.”

“गाडी वेळेवर होती. सहा नंबरवर उभी होती. बाबा पुलावरून चार नंबरवर उतरले. तुम्ही चौघे पंच त्यांच्या मागोमाग उतरलात. पाट्या तुम्हाला वाचता येत होत्या ना?”

“येत होत्या.”

“मग?”

“बाबा पुढं होते.”

कुणी हसलं नाही. पुंजाजी तर मुळीच नाही.

“तुम्ही बाकावर बसलात. पलीकडे आपली गाडी सुटली. ती सुटताना तुम्ही पाहिली. आणि तुम्ही डबा उघडून वाढत होता.”

“दुधातल्या दशम्या होत्या,” पुंजाजी म्हणाले. “उन्हानं खराब झाल्या असत्या थ्या.”

“कुणी बोललं का नाही?”

“आमाले वाटलं, बाबांच्या मनात काही असन.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा सुपातल्या शेंगा फोडत होते. दाणा एका बाजूला, टरफल दुसऱ्या बाजूला. दिसत नसूनही एकही दाणा टरफलांत जात नव्हता.

“शलाका.”

“जी, बाबा.”

“नागपूरला वेळ किती आहे?”

“पंचेचाळीस मिनिटं.”

“पुरेल?”

“पुरेल. मी परवा जाऊन पाहून आले. पूल चढायला बावन्न पायऱ्या, उतरायला बावन्न. या गाडीच्या दारापासून त्या गाडीच्या दारापर्यंत आठ मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजलीत.”

तिच्या आवाजात अभिमान होता. तो तिने लपवलाही नाही.

“कुणाच्या पायांनी?”

शलाकाने वहीकडे पाहिलं. मग बाबांच्या पायांकडे. सुजलेले घोटे, उजव्या पायाला गुंडाळलेलं फडकं…

“माझ्या,” ती म्हणाली.

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

मग तिने आठ हा आकडा खोडला आणि त्यापुढे पस्तीस लिहिलं.

“तरी पुरेल,” ती हळू म्हणाली. “पण एकही वळण चुकलं, तर नाही पुरणार.”

“हं…”

बाबांनी सूप बाजूला सारलं. काठी घेतली. उठले.

“चला. गाडी आली.”

“कुठली गाडी, बाबा?” सरोदे गुरुजींनी विचारलं.

बाबा ओसरीची पायरी उतरून अंगणात चालू लागले होते.

मग जे रोज होत होतं तेच झालं. सरोदे गुरुजी उठले आणि तीन पावलं अंतर ठेवून मागे चालू लागले. त्यांच्यामागे पुंजाजी. त्यांच्यामागे उरलेले दोघे पंच. चपला घालायलाही कुणी थांबलं नाही.

अंगणात जुन्या नऊवारीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वच्छलामावशींनी त्या सकाळीच घातल्या होत्या. अजून ओल्या होत्या.

बाबा सरळ त्या लुगड्यावरून गेले.

सरोदे गुरुजी काठाशी क्षणभर थबकले. खाली पाहिलं. बाबांच्या पाठीकडे पाहिलं. आणि धोतर किंचित उचलून त्यांनी पाय टाकला.

पुंजाजींनीही टाकला.

लुगडं संपलं. त्यापुढे चार पावलं मोकळी जमीन होती आणि मग गोठ्याची दगडी भिंत. बाबांची काठी बाजूला टेकत होती, समोर नाही. चार पावलं… तीन…

शलाका लुगड्याला वळसा घालून धावली आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

“थांबा बाबा. पुढे भिंत आहे.”

बाबा थांबले.

“भिंत?”

“जी. दीड हातावर.”

बाबांनी तिच्या खांद्यावरून काठी पुढे नेली. ती दगडावर वाजली. मग मागे न वळताच त्यांनी विचारलं, “गुरुजी, तुम्हाला दिसत होती?”

“…होती, बाबा.”

“पुंजाजी?”

“जी. दिसत तं होती.”

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून वच्छलामावशींचा आवाज आला. “अगं माय! माह्या कुरडया! तीन दिवस गहू भिजवला, चीक काढता काढता हाताची सालं निघाली, अन् ह्या चार बुढ्यांनी रस्ता केला त्याचा! डोये फुटले काय तुमचे?”

पुंजाजींनी एक पाय वर घेतला. तळव्याला अख्खी कुरडई चिकटली होती.

“वच्छलाबाई, थे… बाबा पुढं होते.”

“बाबाले दिसत नाही! तुमाले का झालं?”

पुंजाजी तळव्याची कुरडई सोडवू लागले.

सरोदे गुरुजी मात्र शलाकाकडे पाहत होते. त्यांच्या धोतराच्या काठाला चीक लागला होता, आणि तरी त्यांचा आवाज शाळेच्या तपासणीला आल्यासारखा होता.

“तू बाबांची वाट अडवलीस.”

“वाट भिंतीने अडवली होती. मी फक्त आधी सांगितलं.”

“शब्दाला शब्द नको. हा नियम बाबांनी केलेला नाही. बाबांच्या गुरूंनी केलाय. तो मोडून बाबा मठाबाहेर पाऊल टाकणार नाहीत, हा पंचांचा निर्णय समज. तिकीट तुझ्या नावाचं आहे, तेव्हा तूच जा. पण तीन पावलं मागे. गाडी, पाटी, पूल, जे काय असेल ते मनात ठेव.”

“मनात?”

“बाबांना कळतं.”

शलाकाने बाबांकडे पाहिलं. बाबा काठी भिंतीला टेकवून उभे राहिले. चेहऱ्यावर ना हो, ना नाही.

‘हो’ म्हणणं सोपं होतं. उद्या सकाळी अकोल्याला गाडीत बसता आलं असतं. पुढचं पुढे पाहता आलं असतं. कदाचित बाबा नागपूरला बरोबर वळलेही असते…

आणि ‘नाही’ म्हटलं तर हल्द्वानीला एक माणूस दार वाजलं की मान वळवत राहणार होता, जितके दिवस वळवता येईल तितके. हेही तिला कळत होतं.

तिने वही मिटली.

“नाही, गुरुजी.”

“काय नाही?”

“मी मागे चालणार नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. “बाबा, मला तुम्हाला तिथे न्यायचंय. याहून जास्त मला काही नको आहे. पण तुम्ही चुकीच्या फलाटावर बसलेले असाल आणि मी मागे हात जोडून उभी असेन, हे मला जमणार नाही. ही भक्ती असेल तर ती मला येत नाही. मागेच चालायचं असेल, तर मी दोन्ही तिकिटं आत्ता रद्द करते. तुमची गाडी चुकवायला माझी गरज नाही. त्याला पंच पुरेसे आहेत.”

वच्छलामावशी लुगडं गोळा करायला वाकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

सरोदे गुरुजींनी पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजींनी जमिनीकडे पाहिलं. उरलेले दोघे एकमेकांकडेही पाहीनात.

गोठ्यात गाईने शेपटी आपटली.

बाबांनी काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढे केला. तो हवेत थोडा चाचपडला आणि मग शलाकाचा खांदा सापडला. तिला हलकेच वळवून त्यांनी तिची पाठ आपल्याकडे केली.

“पुढे चाल,” ते म्हणाले. “फक्त माझ्या आधी पोचू नकोस.”