मुलाखतीतून गाळलेली शांतता

एकदा एक शिष्या कानात इअरफोन घालूनच गुरूंच्या दारात उभी राहिली. आली होती ती भांडणाच्या तयारीने. धर्माचे अध्ययन ही तिची विद्या, देवरायांवरचा प्रबंध हे तिचे तप, आणि त्यातले मुख्य प्रकरण उभे होते एका पॉडकास्टवर. सोमवारी ते समितीपुढे मांडायचे होते. जुन्या पिढीतले गुरू नाक मुरडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"सर, हा ग्रंथ नाही, शिलालेख नाही, मोबाइलवरची मुलाखत आहे. पण बोलणाऱ्या बाईंनी आयुष्य देवरायांत घालवलंय. त्या स्वतः म्हणतात, लोक तिथलं पान तोडत नाहीत ते देवाच्या भीतीने. माझा निष्कर्षही तोच. श्रद्धेच्या मुळाशी भय!"

"ऐकव बघू," गुरू म्हणाले.

मुलाखत सुरू झाली. बाईंचे शब्द लाह्यांसारखे तडतडू लागले.

"या एवढ्या घाईत का आहेत?"

"त्या नाहीत सर, मी आहे. अ‍ॅपमध्ये बोलण्यातली शांतता गाळायची सोय असते. मी ती कायम चालूच ठेवते. वेळ वाचतो."

"ती बंद कर आणि पुन्हा लाव."

तिने तसे केले. मुलाखतकाराने विचारले, "लोक झाडाला हात लावत नाहीत, ते भीतीनेच ना?" पुढे काही ऐकूच येईना. खुर्ची करकरली. दूर कुठेतरी एक पक्षी ओरडला. बाईंनी श्वास घेतला, पुन्हा थांबल्या, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "भीती... म्हणू या."

गुरूंनी तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. जिथे कोणी बोलतच नव्हते, नेमकी तिथे त्यांची मान डोलत होती! उरलेली मुलाखत न ऐकताच त्यांनी मोबाइल परत दिला.

"उत्तम साधन आहे. प्रबंधात अवश्य घे."

"पण सर, तुम्ही तर काहीच ऐकलं नाहीत!"

गुरू हसले. "अगं, ग्रंथ लिहिताना विद्वान आपलं अडखळणं पुसून टाकतो. मीही जन्मभर तेच केलं. आवाजात मात्र ते शिल्लक राहतं. सारं आयुष्य देवरायांत घालवलेली बाई एका साध्या प्रश्नापाशी अडते, हे तुला कोणत्या ग्रंथालयात सापडलं असतं? या साधनाने ते तुझ्या ओंजळीत घातलं, आणि तू पाखडताना दाणेच उडवलेस, फोलपटं सुपात ठेवलीस. भीती हाच निष्कर्ष म्हणून मांडशील तर सोमवारी पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होशील. त्या जिथे थांबल्या, तिथून सुरुवात कर."

शिष्येचा चेहरा उतरला. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ हुरूपही आला. तिने प्रकरणाचे शेवटचे पान काढले आणि निष्कर्षावर आडवी रेघ ओढली. पॉडकास्टच्या माहितीत बाईंचा फोन नंबर दिलेलाच होता. इतके दिवस तिला त्याची गरज भासली नव्हती. आता तिने तो लावला.

"बाई, भीती म्हणण्याआधी तुम्ही बराच वेळ थांबलात. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

पलीकडे शांतता पसरली. शिष्येने कोरा कागद पुढे ओढला आणि घाई न करता वाट पाहिली.