नौकाशाळेतली पाचवी जागा

समुद्राकाठी एक नगर होतं आणि त्या नगरात राजाचा अत्तरकार राहत होता. त्याचं नाव बल्लाळ. दरबारात प्रधानाच्या खालोखाल पगार त्याचाच. दारात दोन पांढऱ्या घोड्यांची गाडी होती आणि दर पौर्णिमेला त्याच्याकडे शंभर पानांची पंगत उठायची.

बल्लाळ आणि त्याची बायको सुमती यांना एकच मुलगी, मृगा. अत्तरात तिला काही गोडी नव्हती. सकाळ झाली की ती बंदरावर जाई, सुतार गलबतं कशी जोडतात ते बघत बसे. घरी येऊन लाकडाच्या ढलप्यांची होडी करी आणि परसातल्या हौदात सोडी. होडी कलंडली तर का कलंडली हे कळेपर्यंत जेवायला उठत नसे.

समोरच्या बेटावर एक नौकाशाळा होती. तिथे पाच वर्षं राहून मुलं जहाज बांधायला शिकत. त्या वर्षी तीनशे मुलामुलींनी परीक्षा दिली. निवडायची होती फक्त वीस. दवंडीवाल्याने चौकात नावं वाचली आणि मृगाचं नाव चौथं आलं.

ती चौकातून घरापर्यंत धावत सुटली. वाटेत पायातली चप्पल निघाली, तीही उचलायला थांबली नाही.

"आई, मी चौथी आले! जहाज दहा दिवसांनी सुटतंय. बाबा, नौकाशाळेत पहिल्याच वर्षी करवत हातात देतात म्हणे."

घर माणसांनी भरून गेलं. शेजारीण पेढा तोंडात टाकत म्हणाली, "शुल्क भारी आहे म्हणतात. पण तुम्हाला काय अवघड? एवढा पगार आहे."

बल्लाळ हसला. पाहुणे गेल्यावर त्याने पेटी उघडली, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. पेटीत पहिल्या वर्षापुरतेही पैसे नव्हते.

"एवढं कमावतो मी. गेलं कुठे सगळं?"

"आपण खाल्लं, आपण मिरवलं," सुमती म्हणाली. "ही चार वर्षांची असल्यापासून होड्या करतेय. आपल्याला तेव्हाच सुचायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बल्लाळ मृगाला घेऊन बंदरावरच्या नौकाशाळेच्या कचेरीत गेला. तिथला कारकून त्याच्या ओळखीचा होता. बल्लाळने हळूच अडचण सांगितली.

कारकून म्हणाला, "एवढंच ना? गरिबांच्या मुलांसाठी पाच जागा बिनशुल्क असतात. चार भरल्यात. उद्योग या रकान्यात 'फुलांचं काम' असं लिहा. फुलं तर तुम्ही हाताळताच, खोटं कोण म्हणेल?"

बल्लाळने लेखणी उचलली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाळी विणणारी बाई पुढे आली. तिच्या मागे मृगाच्याच वयाची मुलगी उभी होती.

"पोरी, तुला वाचता येतं ना?" बाईने मृगापुढे एक चिठ्ठी धरली. "आमची इंदी परीक्षेत नववी आली. पाचवी जागा तिला मिळेल म्हणतात. तसंच लिहिलंय का बघ."

मृगाने चिठ्ठी वाचली. मग वडिलांच्या हातातल्या लेखणीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज स्पष्ट होता.

"हो मावशी. पाचवी जागा तिच्या वरच्या क्रमांकाच्या कुणी मागितली नाही, तर इंदीचीच आहे."

बल्लाळने लेखणी खाली ठेवली.

"आम्ही शुल्क भरू," तो कारकुनाला म्हणाला. "जहाज सुटायच्या आत."

घरी येऊन त्याने सगळं सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग बसलात काय? चला घोडे दाखवायला." आणि त्या घरात एकच धांदल उडाली. घोडे आणि गाडी एका व्यापाऱ्याने घेतली, गाडीवानालाही त्याच्याकडे काम मिळालं. चांदीच्या समया गेल्या. पौर्णिमेची पंगत बंद झाली. पुढच्या चार वर्षांसाठी दोघांनी ठरवलं, की पगार हातात आला की आधी शाळेचा वाटा बाजूला काढायचा, मग घर चालवायचं.

बल्लाळ दरबारात पायी जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्याची मान वर होईना. चौकात एकाने विचारलंच, "अत्तरकार, बुडालात की काय?"

बल्लाळ थांबला. "नाही हो. मुलगी जहाज बांधायला शिकायला चाललीय," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्यालाच इतका आनंद झाला की पुढच्या चौकात कुणी न विचारताच त्याने तेच सांगितलं.

नवव्या दिवशी शुल्क भरून झालं. दहाव्या दिवशी भरती आली, शिडं फुगली. मृगा आणि इंदी कठड्याला धरून उभ्या होत्या. डोलकाठीचं लाकूड सागाचं की उंडीचं, यावर दोघींचा वाद इतका रंगला होता, की काठावर हात हलवणाऱ्या आयांकडे बघायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

आता यातून घ्यायचं ते एवढंच: कमाई कितीही मोठी असो, मुलांच्या शिक्षणाचा वाटा आधीपासून बाजूला काढला नाही तर ऐन वेळी ती अपुरीच पडते. आणि तशी वेळ आलीच, तर आपलं मिरवणं थांबवावं. दुसऱ्याच्या लेकराची जागा घेऊ नये.