नवलाचं वजन

एकदा एका भुसार व्यापाऱ्यापुढे मोठा पेच उभा राहिला. माणदेशासारख्या दुष्काळी मुलुखात त्याचं दुकान होतं. मुलांनी हट्ट धरला होता, की या सुट्टीत सहकुटुंब भूमध्य समुद्रातली आठ दिवसांची क्रूझ करायची. जन्मभर धान्य तोललेला माणूस. त्याने हा प्रश्नही तोलायला घेतला. कागदावर डावीकडे फायदे मांडले: सामान एकदाच उघडायचं, रोज नवा देश, सगळे एका छपराखाली. उजवीकडे तोटे: व्हिसाची दगदग, बोट लागण्याची भीती, शाकाहाराची पंचाईत, प्रत्येक बंदरात जेमतेम काही तास. सर्वांत शेवटी लिहिलं, 'आईचे गुडघे', आणि पारडं तिथेच झुकलं. आता आईला फलटणला मावशीकडे ठेवावं की बेतच मोडावा, एवढंच ठरायचं होतं.

असे कागद आपण सगळेच लिहितो, त्यामुळे त्याला हसण्यात अर्थ नाही.

त्याचे शाळेतले वृद्ध गुरुजी निवृत्तीनंतर दापोलीजवळ समुद्रकाठी राहत. तो त्यांच्याकडे गेला. गुरुजींनी कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी आईंना घेऊन ये. मग बोलू." सल्ला मागावा तर हे भलतंच! पण गुरुजींपुढे बोलण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

रविवारी सकाळी तिघे किनाऱ्यावर आले. म्हातारीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिची उभी हयात डोईवर हंडा घेऊन पाण्याच्या रांगेत गेलेली. गुरुजींनी तिला वहाणा काढायला सांगितल्या आणि स्वतः मागे सरले. ती लुगडं सावरत एकटीच पाण्यात निघाली.

"गुरुजी, धरा तिला! तिचे गुडघे..." तो धावणार, तोच गुरुजींनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

म्हातारी घोट्याएवढ्या पाण्यात थांबली. तिने हात जोडले. मग ती हळूच म्हणाली, "येवढं पानी! आन् रांग न्हाई कुटं."

आईचा असा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

गुरुजी म्हणाले, "तुझा तराजू खोटा नाही. पण त्यात तू आईंचं दुखणंच तेवढं टाकलंस. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला बाहेरून दिसतं, म्हणून ते तोलता येतं. त्याचं नवल मात्र आपल्याला दिसत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं."

तो आईजवळ पाण्यात जाऊन उभा राहिला. तिची नजर क्षितिजावर खिळली होती.

"पल्याड काय हाय रं?"

"दुसरे समुद्र आहेत, आई. जहाजातून बघायला येशील आमच्याबरोबर?"

म्हातारीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"आदी का न्हाई इचारलंस?"