टॅब, बाण आणि गेनूचं लग्न

एका गावात गेनू नावाचा एक भोळा पाणीवाला होता. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर ‘खालची आळी उघड’ असं टाइप केलं की खालच्या आळीला पाणी सुटायचं. पण तो प्रोग्राम भलता खडूस. एक अक्षर चुकलं की सगळी ओळ पहिल्यापासून लिहा. गेनूच्या जाड बोटांपायी निम्मं गाव दुपारपर्यंत पारोसं बसायचं.

शेवटी तालुक्याहून रेवती मॅडम आल्या. त्यांनी प्रोग्रामला नवी सोय जोडून दिली.

“गेनूभाऊ, आता सगळं लिहायचं नाही. सुरुवातीचं अक्षर द्या, हे टॅबचं बटण दाबा आणि गप्प बसा. पुढचं आपोआप पुरं होतं.”

“बरं. तसंच करीन.”

दुसऱ्या दिवशी गेनू मुलगी बघायला गेला. आधीच्या घरांनी नकार दिला होता. इथंही फिसकटलं तर जन्मभर आईच्याच हातचं खावं लागणार होतं. त्यात पोहे घेऊन आलेली कुंदा त्याला फार म्हणजे फार आवडली.

“काम काय करता?” कुंदाच्या वडिलांनी, शिवरामअण्णांनी विचारलं.

“पा,” गेनू म्हणाला. मग त्यानं अण्णांच्या गुडघ्यावर बोट दाबलं आणि गप्प बसला.

“पा... पाटबंधारे खात्यात?”

आपोआप पुरं झालं होतं. गेनूनं मान डोलावली. अण्णांनी तिथल्या तिथं टॉवेल-टोपी केली.

मॅडमनी हे ऐकून कपाळाला हात लावला. “अहो, भलतंच पुरं झालं तर बॅकस्पेस. शेवटापासून एकेक पुसत मागं यायचं.”

“बरं. तसंच करीन.”

गेनू अण्णांच्या घरात उलटा चालत शिरला. टोपी काढून दिली. टॉवेल दिला. पोहे परत करायला घशात बोट घातलं, तेव्हा मात्र अण्णांनी त्याचा हात धरला. पाटबंधाऱ्याचा उलगडा झाला. अण्णा तापले, पण कुंदा हसून हसून लोळत होती.

“माणूस खोटारडा नाही,” ती म्हणाली. “मला चालेल.”

अण्णांचा नाइलाज झाला. पुतणी प्रमिलाचं लग्न ठरलेलंच होतं. त्याच मांडवात हेही उरकायचं ठरलं.

लग्नाआधी मॅडमनी उरलेलं शिकवलं. “एकदा चाललेली ओळ नव्यानं रचायची नाही, मग ती तुमची असो की ग्रामसेवकांची. वरचा बाण दाबा, जशीच्या तशी येते. काही चुकीचं असेल तर बाणानं तिथवर जा आणि तेवढंच बदला. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“बरं. तसंच करीन.”

लग्न लागलं. पंगतीत नवरदेवांनी नाव घ्यायची वेळ आली. प्रमिलाच्या नवऱ्यानं घास उचलला. “तव्यावर पोळी फुगली छान, प्रमिलाचं नाव घेतो, राखून सर्वांचा मान.” टाळ्या पडल्या.

गेनूची पाळी आली. त्यानं एक बोट वर केलं आणि खणखणीत म्हणाला, “तव्यावर पोळी फुगली छान, प्रमिलाचं नाव घेतो, राखून सर्वांचा मान.”

पंगतीत कुजबुज सुरू झाली. कुंदाचे डोळे भरून आले.

“चूक झाली,” अण्णा दात-ओठ खात म्हणाले. “दुरुस्त कर.”

“करतो, मामा.”

गेनूनं नीट विचार केला. ओळ तर चाललेली होती. तिला टाळ्याही पडल्या होत्या. तो उठला. कुंदाचा हात धरून तिला प्रमिलाच्या नवऱ्याशेजारी नेऊन बसवलं. प्रमिलाला उठवून आपल्या पाटाशेजारी आणली आणि तिच्यापुढे घास धरला.

“आता जुळलं, मामा. ओळीला मी हातही लावला नाही.”