नंबरवाला सोऱ्या

आंघोळीच्या पाण्यासाठी घरोघरी बंब पेटत, त्या काळची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर अंबूताईंनी चकल्यांसाठी नवा पितळी सोऱ्या आणला. त्याच्या अंगावर पेटंटचा नंबर कोरलेला होता.

"माझ्यासारखा दुसरा करायला सरकारची मनाई आहे," तो जुन्या लाकडी सोऱ्याला म्हणाला. "तू आता बंबात जाशील."

लाकडी सोऱ्या म्हणाला, "तुझ्या चकतीतली चांदणी माझी आहे. तुझा कारागीर इथेच चकल्या खात बसला होता. जाताना ती कागदावर उतरवून घेऊन गेला."

पितळी सोऱ्या वरमला. "मग तू का नाही मनाई केलीस?"

"केली असती, तर तू झाला नसतास."

तेवढ्यात शेजारच्या कृष्णाकाकू सोऱ्या मागायला आल्या.

"लाकडी न्या," अंबूताई म्हणाल्या. "तो सगळ्या आळीचाच आहे."